पाखरांना नळाचे पाणी द्यावे की नाही?

रविवारी चर्चच्या पायरीवर लोक आम्हांला नाना प्रश्न विचारतात. धानाला युरिया कधी द्यावा, म्हशीचा पान्हा का आटला, लहान मुलाचा खोकला का जात नाही. ज्याचे उत्तर ठाऊक असते ते सांगतो. नसते तेव्हा डॉक्टरकडे किंवा कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे जायला सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका बाईंनी प्रश्न विचारला नाही, थेट निकालच सांगितला. "फादर, नळाचं दवाईचं पाणी पाजलं नि आमची पाखरं मेली. आता आम्ही कुणीच ते पाणी पीत नाही."

पाखरे म्हणजे बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून विकतात ते रंगीत बजरीगर. धाकट्या मुलाच्या हट्टासाठी सहा आणले होते. घरी नवा नळ आला आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत त्यांतले चार दगावले. शेजारणी म्हणाल्या की पाण्यात ब्लीचिंग टाकतात, त्याचाच हा परिणाम. बाईंना ते पटले. त्यांनी नळ बंद केला आणि शेताकडेच्या जुन्या विहिरीचे पाणी पुन्हा सुरू केले, पाखरांसाठी आणि मुलांसाठीही. पुढे पहिल्या पावसानंतर धाकट्याला असे जुलाब लागले की त्याला तीन दिवस सलाईन लावावे लागले. विहिरीच्या पाण्यानेच ते झाले असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही, कारण ते पाणी कोणी तपासले नव्हते. परंतु पावसाचे वाहते पाणी ज्या विहिरीत शिरते, तिचे पाणी न उकळता मुलाला देणे धोक्याचे आहे, हे सांगायला तपासणीची गरज नाही.

म्हणून पाखरांचा हा प्रश्न आम्हांला किरकोळ वाटत नाही. पिंजऱ्यातल्या एका समजुतीने घरातल्या माणसांचे पाणी बदलले. अशा समजुती आपल्या बालाघाट जिल्ह्यात आणखीही घरांत असतील, कारण २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून कितीतरी गावांत नळ पहिल्यांदाच आला आहे आणि क्लोरीनचा वासही पहिल्यांदाच आला आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेले नळाचे पाणी पाळीव पक्ष्यांना चालते. त्याची भीती बाळगू नये. भीती बाळगायची ती पाण्याच्या वाटीची. मात्र या नियमाला एक मोठा अपवाद आहे. तो आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो, आणि तोही पुढे सांगणार आहोत.

क्लोरीन म्हणजे काय आणि किती

नळाच्या पाण्यात जी 'दवाई' टाकतात ती म्हणजे क्लोरीन. मोठ्या योजनांत तो वायूच्या रूपात, तर लहान योजनांत ब्लीचिंग पावडर किंवा तिचे द्रावण या रूपाने घालतात. कॉलरा, विषमज्वर, जुलाब यांचे जंतू तो मारतो. टाकीत सगळेच क्लोरीन खर्च होऊ न देता थोडे शिल्लक राखतात. वाटेत नळाला कुठे चीर असली आणि गटाराचे पाणी आत ओढले गेले, तर हे शिल्लक क्लोरीन रखवालदारासारखे उपयोगी पडते.

हे शिल्लक क्लोरीन किती असावे याचे भारतीय मानक आहे. ग्राहकाच्या तोटीपाशी एका लिटरमध्ये निदान ०.२ मिलिग्रॅम असावे, आणि एक मिलिग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या पिण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे आपले मानक त्या मर्यादेच्या बरेच आत आहे.

आता पाखराचा हिशेब करू. बजरीगराचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. तो दिवसाला फार तर चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी पितो. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी त्याला दिले, तर दिवसभरात त्याच्या पोटात जाणारे क्लोरीन मिलिग्रॅमचा दोनशेवा भाग. चोचीतील लाळ आणि पोटातील अन्नरस यांच्याशी गाठ पडताच तेही बहुतेक खर्च होऊन जाते.

आणखी एक पुरावा कोंबडीपालकांकडे आहे. मोठ्या पोल्ट्री फार्मवर हजारो पक्ष्यांच्या पिण्याच्या पाण्यात क्लोरीन मुद्दाम घालतात आणि ते लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत राखतात. ज्याचे पोट या पक्ष्यांवर अवलंबून आहे तो माणूस त्यांना विष पाजणार नाही. घाणेरड्या पाण्याने पिल्ले मरतात हे त्याने अनुभवाने पाहिलेले असते, म्हणून तो क्लोरीन घालतो.

माशाची गोष्ट पाखराला लावू नये

मग ही भीती आली कोठून? आमचा तर्क असा की ती काचेच्या पेटीतील माशांपासून आली. नळाचे ताजे पाणी माशांच्या पेटीत ओतले तर मासे तडफडून मरतात, हे खरे आहे. कारण मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. पाणी त्याच्या नाजूक कल्ल्यांवरून अहोरात्र वाहत असते, आणि त्यातील क्लोरीन कल्ले जाळून थेट रक्तापर्यंत पोहोचते. पाखरू पाण्यात श्वास घेत नाही. ते चोचभर पाणी पिते आणि ते पोटात जाते. माशांसाठी दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात, ते पाखरांसाठी विकत घेण्याचे कारण नाही.

दुसरे कारण वास. जो वास नवा, तो आपल्याला विषारी वाटतो. शंभर वर्षांपूर्वीही असेच झाले. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी कायमस्वरूपी क्लोरीन घालण्यास आरंभ केला, तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. लोकांच्या पाण्यात रसायन घालतोच कसा, असा आक्षेप होता. निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला, आणि पुढे जगभरच्या शहरांनी तीच पद्धत उचलली.

क्लोरीनमुळे पाण्यातील सेंद्रिय घाणीपासून काही उपद्रवी संयुगे तयार होतात, असा एक आक्षेप सुशिक्षित लोक घेतात. ती तयार होतात हे खरे, आणि म्हणूनच पाणी आधी गाळून मग क्लोरीन घालायचे असते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे स्पष्ट आहे: त्या संयुगांचा धोका पाणी निर्जंतुक न करण्याच्या धोक्यापुढे फारच लहान आहे. हा भेद लक्षात ठेवावा.

जुने पाणी सगळेच अमृत नव्हते

"आमचे वाडवडील विहिरीचे पाणी पिऊन शंभर वर्षे जगले," असे पुष्कळ जण म्हणतात. जे जगले त्यांची आठवण राहते. जे पाळण्यातच गेले त्यांची गणती कोण करतो? वडीलधाऱ्या वाचकांना नारू हा शब्द आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरींतील पाणी पिऊन माणसाच्या पायातून हातभर लांब जंत बाहेर येई. मध्य प्रदेशातही हा रोग होता. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पाण्याची दुसरी सोय करणे आणि विहिरींत औषध टाकणे या उपायांनी तो देशातून हटला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. त्या वेळीही पाण्यात औषध टाकायला आलेल्यांना काही गावांनी पिटाळले असेल; पण शेवटी त्यांचेच खरे ठरले.

बोअरिंगचे पाणी तर नितळ दिसते, म्हणून लोक त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात. आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातील तिलईपानी या गावाची हकिगत १९९० च्या दशकात पुढे आली. तेथील हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण फार होते आणि ते पाणी पिऊन लहान मुलांचे पाय वाकडे झाले होते. फ्लोराइडला ना वास ना रंग. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून ते स्वच्छ असते असे नाही, आणि पाण्याला वास येतो म्हणून ते विषारी असते असेही नाही. नाक आणि डोळे या कामी पुरे पडत नाहीत, तपासणीच हवी. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावातील या महिला कोण, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. शिल्लक क्लोरीनची तपासणी पाच मिनिटांचे काम आहे.

मग पाखरे मेली कशाने?

आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. आम्ही पशुवैद्य नाही. परंतु सेमिनरीत असताना कोंबड्यांचे खुराडे सांभाळण्याची पाळी आमच्यावर पुष्कळदा आली होती, तेव्हा पिंजरा पाहायची नजर थोडी आहे. पिंजरा नवा कोरा होता, चकाकणाऱ्या जस्ती तारेचा. पाण्याची प्लास्टिकची वाटी बसायच्या दांडीच्या अगदी खाली होती. वाटीत पाखरांची शीट, राळ्याची टरफले आणि पिवळसर झालेले पाणी. आतून बोट फिरवले तर बुळबुळीत थर हाताला लागला. पिंजरा पडवीत पश्चिमेला टांगलेला, म्हणजे दुपारनंतरचे ऊन थेट त्यावर. वाटी कधी धुता, असे विचारले. "पाणी रोज भरतो ना, फादर," असे उत्तर आले. भरणे आणि धुणे यांत फरक आहे. जुन्या पाण्यावर नवे पाणी ओतले की जुनी घाण तशीच राहते.

त्या बुळबुळीत थरात जंतूंचे घर असते. शीट पडलेल्या कोमट पाण्यात काही तासांत जंतू बेसुमार वाढतात. टोटीतून आलेले थोडेसे क्लोरीन त्या घाणीशी झगडण्यातच संपून जाते. म्हणजे बाईंना वाटत होते की क्लोरीन फार झाले. आम्हांला वाटते, त्या वाटीत तासाभरानंतर क्लोरीन उरतच नसावे.

दुसरा संशय तारेवर. नव्या जस्ती तारेवर जस्ताचे कण आणि पांढरी भुकटी असते. पोपटाच्या जातीच्या पाखरांना तार चावायची सवय असते. जस्त पोटात जाऊन त्यांना विषबाधा होते. पाखरू मलूल होते, पातळ हगते, पंख फुगवून बसते आणि काही दिवसांत मरते. नवा पिंजरा आणला तर तो शिरका आणि ताठ ब्रशने घासून, स्वच्छ धुऊन, दोन-चार दिवस उन्हात ठेवून मग वापरावा.

तिसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे मे महिन्याचा पारा माणसालाही सोसत नाही. पाखराला घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकते आणि त्यातच त्याच्या अंगचे पाणी जाते. पश्चिमेच्या पडवीत टांगलेल्या पिंजऱ्याची संध्याकाळी चारला काय भट्टी होत असेल!

वाटी, तार, ऊन यांपैकी नेमके काय भोवले हे आता सांगता येत नाही. मेलेले पाखरू कोणी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले नव्हते. नळ मात्र त्याच सुमारास आला, एवढ्याच पुराव्यावर त्याला फाशी झाली. कावळा बसला आणि फांदी मोडली, तशातलाच हा प्रकार.

हवेतला क्लोरीन वेगळा

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. पाण्यातील अल्पसा क्लोरीन निरुपद्रवी असला तरी हवेतील क्लोरीन पाखराचा काळ आहे. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. हवा त्यांच्या फुप्फुसांतून श्वास घेताना आणि सोडतानाही पुढे वाहत राहते, म्हणून विषारी वायू त्यांना आपल्यापेक्षा लवकर बाधतो. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी खाली नेत असत. ही प्रथा तेथे १९८६ पर्यंत चालू होती. मग यंत्रे आली. भरवेली, उकवा, तिरोडी येथील खाणींत राबणाऱ्या आमच्या वाचकांना खाणीत मोकळ्या हवेचे मोल सांगायला नकोच.

घरात संडास किंवा मोरी धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो माणसालाही घातक आहे, आणि जवळ टांगलेले पाखरू तर पाहता पाहता मरेल. ब्लीचिंगचे पोते कोंबड्यांच्या खुराड्यातही ठेवू नये. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा चुलीवर रिकामा तापत ठेवला तर त्याच्या धुरानेही पाखरे मरतात. स्वयंपाकघर ही पिंजऱ्याची जागा नव्हे.

आमची चूक

आता तो अपवाद. दोन-तीन वर्षांपूर्वी आवारामागच्या वस्तीतील बायकांनी मिळून देशी कोंबड्या पाळायचे ठरवले. पिल्ले महिन्याची झाली तेव्हा मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लासोटा लस द्यायची होती. लस आणण्याचे आणि देण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. बर्फात घालून लस आणली, नळाचे स्वच्छ पाणी बादलीत घेतले, त्यात लस मिसळली आणि पिल्लांपुढे ठेवली. बादलीही आदल्या दिवशी ब्लीचिंगने घासून घेतली होती. केवढी आमची स्वच्छता! त्या थंडीत मानमोडी आली. माना वाकड्या करून, गोल गोल फिरत पिल्ले मेली. चाळिसांतील नऊ वाचली. कोणाची फीची तजवीज, कोणाचे सणाचे लुगडे त्या खुराड्यात होते.

नंतर पशुवैद्यकीय डॉक्टरांनी आम्हांला विचारले, "पाणी कोणते घेतले होते?" आम्ही सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, लस म्हणजे जिवंत विषाणूच असतो. क्लोरीन त्याला मारतो. तुम्ही पिल्लांना मेलेली लस पाजली."

जो गुण आपले रक्षण करतो त्याच गुणाने आमची लस गेली. क्लोरीनला रोगाचा जंतू कोणता आणि लसीचा कोणता हे कळत नाही. ते काम आपल्या अकलेचे आहे, आणि त्या दिवशी आमची अक्कल कमी पडली. त्या बायकांनी आम्हांला एका शब्दाने दुखवले नाही, याचे आम्हांला अजूनही ओझे वाटते.

तेव्हा कोंबड्या पाळणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावे. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी क्लोरीनचे पाणी घेऊ नये. पाणी उकळून थंड करून घ्यावे, किंवा स्वच्छ, क्लोरीन नसलेले पाणी घ्यावे. त्यात लस घालण्याआधी लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळावी. उरलेसुरले क्लोरीन त्या दुधाने निकामी होते. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे असावे, धातूचे नको, आणि ते साबण किंवा ब्लीचिंगने धुतलेले नसावे. पिल्लांना आधी तास-दोन तास तहानलेली ठेवावी, म्हणजे ती लसीचे पाणी दोन तासांत संपवतील. लस उन्हात ठेवू नये. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नेहमीचे नळाचे पाणी चालू करावे.

रोजची रीत

घरी पाखरे किंवा कोंबड्या असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो.

१. सकाळी नळ आला की पहिले पाणी थोडे वाहू द्यावे. रात्रभर नळात तुंबलेले पाणी पिण्यासाठी घेऊ नये.

२. वाटी रोज रिकामी करून, आतून घासून, खळखळून धुवावी. उन्हाळ्यात दोनदा. स्टीलची, काचेची किंवा चिनी मातीची वाटी उत्तम. जस्ती पत्र्याचा डबा नको.

३. वाटी बसायच्या दांडीच्या खाली कधीही ठेवू नये. बाजूला आणि थोडी उंच अडकवावी.

४. टाकी नुकतीच धुतली असेल किंवा साथीच्या दिवसांत क्लोरीन वाढवला असेल आणि वास उग्र येत असेल, तर पाणी पसरट भांड्यात, वर पातळ फडके टाकून दिवसभर ठेवावे. क्लोरीन बराचसा उडून जातो. मात्र असे पाणी त्यानंतर लवकर वापरून संपवावे. रखवालदार गेल्यावर घर उघडेच असते. परदेशी पुस्तकांत, पाणी ठेवूनही औषध उडत नाही, असे लिहिलेले आढळते. ते तेथील काही शहरांत वापरतात त्या क्लोरामाइनविषयी आहे. आपल्याकडच्या योजनांत साधारणतः साधे क्लोरीन किंवा ब्लीचिंगच वापरतात.

५. घरच्या वाटीत किंवा माठात अंदाजाने ब्लीचिंग टाकू नये. विहिरीसाठी चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम आणि वर एक तास वाट पाहणे, हे ढोबळ माप आहे; तेही आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने. उघड्या पोत्यातील जुनी पावडर निकामी झालेली असते.

६. मोठी कोंबडी दिवसाला पावशेर पाणी पिते, आणि उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. भांडी सावलीत ठेवावीत. पाणी तापले की कोंबडी पीत नाही, आणि प्यायली नाही की अंडे थांबते.

७. पाखरू मेले तर तर्क करीत बसू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. एकामागून एक मरू लागली तर हाताने न उचलता लगेच कळवावे.

आणखी एक गोष्ट ओघात. रानातून धरून आणलेला आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्याला कोणते पाणी द्यावे असे कोणी विचारले, तर ते त्याने रानातले आपल्या मनाने प्यावे, एवढेच उत्तर आमच्यापाशी आहे.

शेवटचे मागणे

सरकारी योजनेवर डोळे मिटून विश्वास ठेवा असे आम्ही म्हणत नाही. टाकी महिनोन्महिने धुतली जात नसेल, नळाला गढूळ पाणी येत असेल, ब्लीचिंग टाकणारा माणूस आठ-आठ दिवस फिरकत नसेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारलेच पाहिजे. खरी तक्रार बहुधा हीच निघेल की क्लोरीन जास्त नाही, कमी आहे किंवा मुळीच नाही. तपासणीत तोटीपाशी ०.२ सुद्धा भरत नसेल, तर ते पाणी वास नसल्यामुळे गोड लागेल. पण त्यावर पहारा नसेल. ज्या वासाला आपण नाके मुरडतो, तो वास नाहीसा झाला तर आपण काळजी करावी.

त्या बाईंनी वाटी बदलली, पिंजरा घासला आणि पूर्वेच्या सावलीत टांगला. नळाचेच पाणी देतात. उरलेली दोन पाखरे हे लिहीत असताना तरी जिवंत आहेत. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्ही त्यांनाही सांगितले. धाकटा मुलगा मात्र आता नळाचे पाणी पितो आणि पाखरांची वाटी रोज स्वतः धुतो. आम्हांला विचाराल तर पाखरांपेक्षा त्याचेच अधिक समाधान वाटते.

आपापल्या घरी आज संध्याकाळी एवढेच करावे: पिंजऱ्यातील वाटीत बोट फिरवून पाहावे. बोटाला बुळबुळीत लागले, तर दोष नळाला देऊ नये.